दिवडीचं भाडं

माझं अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखन त्याहून वाईट, त्याबद्दल माफी असावी. शाळा चौथीपर्यंतच झाली.

मुळशीच्या धरणावर एक नावाडी होता. मी लाजरी, त्याचं नाव कधी विचारलं नाही. माहेरी जायला त्याचीच नाव. वल्हं मारता मारता तो सगळ्यांना चिमटे काढायचा.

एकदा धरणाच्या मधोमध दिवड, म्हणजे पाण्यातला साप, नावेत चढली. दिवडीला विष नसतं हे मला ठाऊक होतं, तरी मी लुगड्यासकट पाण्यात उडी टाकली. पोहता येत होतं, पण परत चढायला धजेना.

नावाडी ओरडला, "ताई, नावंत एकच हाय. पान्यात तिचं समदं गणगोत हाय!"

मी कधी वर आले, कळलंच नाही. कनवटीचे पैसे मात्र बुडाले.

पुढच्या खेपेला भाड्याचे राहिलेले दोन आणे दिले, तर म्हणाला, "आन् मैत्रिणीचं? जागा तुमीच दिली की तिला!" मग दर खेपेला, सगळ्यांदेखत, तेच. मी मान खाली घालून बसायची.

शेवटी दिवाळीला धीर करून आणखी दोन आणे त्याच्या हातावर ठेवले. "हे तिचे," मी म्हणाले. त्याच्याशी बोललेले माझे पहिले शब्द.

त्यानं पैसे कपाळाला लावले आणि वाकून पाण्याला सांगितलं, "फिटलं गं तुजं, समदं फिटलं."