नीतिमान ठरण्याची खूण

एस्तेरने माझं मनगट धरलं आणि दुसऱ्या हाताने खूण केली, "मावशी, तुम्ही खोटं सांगताय."

समोर तिचे पास्टर आणि होणाऱ्या नवऱ्याकडचे फादर चहाचे कप धरून बसलेले. तिचं हे बोलणं मी अजून तोंडाने सांगितलंच नव्हतं, त्यामुळे दोघांनाही काही कळेना.

मी इंटरप्रिटर. ऐकू न येणाऱ्याला समोरच्याचं बोलणं खुणांच्या भाषेत सांगायचं आणि त्याच्या खुणा समोरच्याला तोंडाने सांगायच्या, एवढंच माझं काम. कुठल्या शाळेत नाही शिकले. धाकट्या भावाला जन्मापासून ऐकू येत नाही, त्याच्याकडून शिकले. मग कोर्ट, पोलीस स्टेशन, बँक, बाळंतपण, बोलावतील तिथे जात राहिले. नारपोलीतल्या या घरी बोलावलं होतं लग्नासाठी. एस्तेरला ऐकू येत नाही. ती प्रोटेस्टंट, मुलगा कॅथलिक. लग्नाआधी दोन्ही चर्चच्या माणसांनी मुलीशी बोलून घ्यावं, एवढीच बैठक.

चांगलं चाललं होतं. मग एस्तेरने विचारलं, केलेल्या पापाचं नक्की काय होतं?

पास्टर म्हणाले, विश्वासाने माणूस देवापुढे नीतिमान ठरतो, फक्त विश्वासाने. फादर म्हणाले, विश्वासाशिवाय नाहीच, पण ते "फक्त" काढा. झालं. अर्धा तास तेच. मला वाटलं, लग्नाच्या घरात वाद कशाला? शिवाय खरं सांगते, मला त्यातलं निम्मं कळत नव्हतं. म्हणून दोघांच्याही बोलण्याची मी एकच खूण करत राहिले, देव माफ करतो.

"दोघं एकच सांगताहेत, तर चेहरे असे का झालेत?" एस्तेरने विचारलं. आयुष्यभर चेहरे वाचून जगलेली मुलगी ती. तिला कोण फसवणार?

मी दोघांना सांगून टाकलं, "चूक माझी आहे. न कळता सांगत होते. मला नुसते शब्द देऊ नका, चित्र द्या. हे नीतिमान ठरणं कसं असतं? कोर्टासारखं की धुण्यासारखं?"

"कोर्टासारखं," पास्टर लगेच म्हणाले. "आरोपी दोषीच आहे. पण ख्रिस्ताचं नीतिमत्त्व त्याच्या नावावर धरलं जातं आणि न्यायाधीश म्हणतो, निर्दोष. केस तिथेच संपली."

"आणि माणूस आतून तसाच?"

"नाही ताई, सुटल्यावर तो बदलत जातो. पण बदलला म्हणून सुटला, असं नाही."

"फादर, तुमचं?"

"धुण्यासारखं म्हणा. देव नुसता निर्दोष म्हणत नाही, आतून तसं करतोही. सुरुवात त्याचीच, आपली कमाई नाही. पण पुढे आपण त्याला साथ द्यायची, म्हणजे ते आयुष्यभर वाढत जातं. चांगली कामं करून स्वर्ग विकत घेता येतो, असं आम्ही म्हणत नाही हां. काही लोक आमच्याबद्दल तसं सांगत फिरतात."

"माझ्याकडे बघून का बोलताय, फादर?"

"समोर दुसरं कोण बसलंय?"

आता माझे हात मोकळे झाले. पास्टरांसाठी खुणा केल्या, साहेब, कागद, सही, जा घरी. फादरांसाठी छातीतला मळ, धुणं, मग कोंब, हळूहळू वर. आम्ही बौद्ध, घरात देव मानत नाही, तेव्हा बाजू घ्यायचा प्रश्न नव्हता. पण एकाच गोष्टीची दोन इतकी वेगळी चित्रं निघतात, याचं मलाच नवल वाटलं.

एस्तेरने दोन्ही चित्रं नीट पाहिली. मग तिचे हात सावकाश चालू लागले. आमच्या कामात समोरच्याचं बोलणं "मी" म्हणूनच सांगायचं असतं, तसं मी सांगत गेले. "वडपे गावातल्या गोडाऊनमध्ये मी कामाला आहे. तिथे मी खोक्यांना चुकीची लेबलं लावली. ट्रक भलत्याच गावी गेला. आळ माझ्याबरोबर काम करणाऱ्या रेश्मावर आला, तिला कामावरून काढलं. मी गप्प बसले. देवाकडे केस संपली असेल, तर मी तिच्याकडे जायला पाहिजे का?"



"जा," पास्टर म्हणाले. "सुटण्यासाठी नको. सुटलेला माणूस घरी बसत नाही, म्हणून जा."

"जा," फादरही म्हणाले. "हे जाणंच तुझ्या बरं होण्याचा भाग आहे."

"तिने माफ नाही केलं तर?"

"तरी देवाचा निकाल बदलत नाही," पास्टर म्हणाले.

"देवाची माफी रेश्माच्या हातात नाही, हे मलाही मान्य," फादर म्हणाले. "पण तिचं झालेलं नुकसान जेवढं भरून देता येईल तेवढं द्यायचं. ते सुटत नाही."

"आणि माझी नोकरी गेली तर?"

"जाईलही," दोघंही म्हणाले.

सोमवारी मी एस्तेरबरोबर गोडाऊनला गेले. तिने लेबलांचं सगळं सांगितलं, तसा सुपरवायझर वैतागला. "हे लग्नानंतर सांगता आलं नसतं?" त्याने रेश्माला परत घ्यायचं कबूल केलं आणि एस्तेरला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. तिथून आम्ही रेश्माच्या घरी गेलो. ती वडप्याचीच. ओट्यावर उभी राहून सगळं ऐकून घेतलं तिने.

"तवा का न्हाय बोललीस? गावात तोंड दाखवाया जागा न्हवती मला. आता लगीन हाय, म्हणून पाप धुवाया आलीस काय?"

माझे हात जरा मऊ व्हायला बघत होते. पण मी होतं तसं सांगितलं, टोमण्यासकट.

एस्तेरने मान डोलावली. "हो. तेही आहे."

रेश्मा माझ्याकडे वळली. "ही असंच बोलली, का तू पदरचं घालतेस?"

"तिचंच आहे."

"मग बसा. पाणी देते. माफ केलं असं समजू नको म्हणावं."

तेही सांगितलं.

गुरुवारी रेश्मा कामावर गेली. एस्तेरचं लग्न ठरल्याप्रमाणे झालं. नोकरी ती अजून शोधतेय. परवा मी तिला विचारलं, दोघांतलं कोणाचं पटलं? म्हणाली, ठरलं नाही, पण फरक कळला. मला वाटतं, इंटरप्रिटरने तेवढंच करावं. लोकांचं पटत नसेल, तर त्यांचं न पटणं नीट पोचवावं.