वांग्यांचा शेरा

अक्षर वळणदार, एवढ्याच भांडवलावर मी सांगलीहून साताऱ्याकडे आलो आणि वेड्यांच्या इस्पितळात कारकून झालो. लढाईचे दिवस. भाजी कडाडलेली, खर्चाची मंजुरी मात्र जुनीच. म्हणून इस्पितळाच्या मोठ्या साहेबांनी आवारातली पडीक जमीन रोग्यांकडून कसून घ्यायला सुरुवात केली. कागदोपत्री त्याला उपचार म्हणायचं. हिशेब माझ्याकडे.

बाग खरं तर एकटाच माणूस ओढायचा. उंब्रजकडचा शेतकरी, पलटणीतून परतल्यावर डोकं फिरलं म्हणून आणलेला. आता पार निवळला होता. मी एकदा वांग्यांना रोज पाणी द्यायचा सल्ला दिला, तर म्हणाला, "भाऊसाब, तुमी दौत भरा. वांग्याचं मी बगतो." वांगी अशी लागायची की स्वयंपाकघर भागून उरलेली बाजारात जायची.

डॉक्टरांनी त्याला घरी सोडायची शिफारस केली. तो कागद माझ्या टेबलावरून साहेबांकडे जायचा होता. शेऱ्याचा रकाना कोरा होता. कोरा रकाना मला बघवत नाही; या आजारावर आमच्या इस्पितळात उपचार नव्हता. शिवाय साहेबांना माझी हुशारी दिसायला हवी होती. मी लिहिलं : 'बागकामी अत्यंत उपयुक्त. याच्यामुळे भाजीखर्चात मोठी बचत.'

साहेबांनी मला शाबासकी दिली आणि खाली लाल शाईनं लिहिलं : 'तूर्त सोडू नये.'

"माजा कागद कवा येतूय?" त्यानं वाफ्यातून विचारलं. खरं सांगायची छाती झाली नाही, म्हणून मी थट्टा केली. "अरे, ही वांगी आहेत तोवर साहेब तुला कसले सोडतात!"

तो हसला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं सगळी झाडं मुळासकट उपटली, बांधावर ओळीनं रचली, हात धुतले आणि कचेरीच्या पायरीवर येऊन बसला. "झाली वांगी. आता सोडा म्हनावं."

सबंध नोकरीत एवढं सरळ डोक्यानं केलेलं काम मी पाहिलं नाही. साहेबांनी तो वेडाचा झटका ठरवला आणि त्याची रवानगी बंद कोठडीत केली. माझ्या थट्टेबद्दल मी चकार शब्द काढला नाही. नोकरी कायम व्हायची होती.

डॉक्टरांनी त्याच्या घरी आधीच पत्र धाडलं होतं. त्याचा धाकटा भाऊ नवं धोतर नि फेटा घेऊन न्यायला आला.

"आवं, बरा झालाय म्हनून लिवलंया की हितं!"

"पुन्हा बिघडला."

"कशानं?"

मी वहीची पानं उलटत राहिलो. त्यानं फेटा माझ्या टेबलावर ठेवला. मग म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. फेटा तरी द्या त्येला."

बंद कोठडीत फेटा देत नाहीत. गळफासाची भीती असते. तो नियम मला तोंडपाठ होता. तेवढा मात्र मी त्याला न अडखळता सांगितला.