एका हाकेला दोघी

आमचा लिफ्टवाला मामा दिवसभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करतो आणि घरी आला की स्वतःचं घर बिघडवतो. त्याने भिंतीवरून दोन बारीक वायरी फिरवल्यात आणि मधोमध एक डबा बसवलाय. स्वयंपाकघरातला पंखा, बाथरूमातला गीझर, सगळ्यांचा कारभार त्यांच्यावर. "प्रत्येक यंत्राला एक नंबर," मामा लिफ्टमधल्या बाईच्या सुरात सांगतो. "मधला डबा नंबर पुकारतो. ज्याचा नंबर, त्याने ओ द्यायची. बाकीचे गप्प."

"ह्या घरात गप्प बसणारं कुणीतरी आलं एकदाचं," मामी म्हणाली.

रविवारी मामाने तापमान मोजणारा दुसरा तुकडा लावला. पहिला गीझरपाशी होताच, हा शेगडीच्या वर भिंतीला, पंख्यासाठी. दोन्ही एकाच दुकानातले, अगदी जुळे भाऊ. दहा मिनिटांत बाथरूमातून मामीची किंकाळी! डोक्यावर साबण, वरून बर्फगार पाणी. गीझरने गाशा गुंडाळला होता आणि पंखा पिसाळल्यासारखा पीठ उधळत होता.

मामी गाऊन चढवून, केसांतल्या फेसासकट बाहेर आली आणि तिने आधी मामाची पक्कड ताब्यात घेतली.

"अर्धा तास देते. गरम पाणी आलं नाही, तर ह्या वायरी कापून भंगारात. मग बसू दे तुमच्या डब्याला पुकारत!"

तीन महिन्यांची मेहनत! मामा घामाघूम. वायरी तपासल्या, स्क्रू पिळले, डब्याला दोन चापट्याही मारल्या. ढिम्म. वीस मिनिटं गेली. तेवढ्यात स्टुलावर चढलेल्या मामाच्या हातातून स्क्रूड्रायव्हर पडला.

"अगं!" तो ओरडला.

बाथरूमाच्या दारातून मामी धावली, स्वयंपाकघरातून माझी आई, म्हणजे मामाची धाकटी बहीण. दोघींना तो 'अगं'च म्हणतो.

"झालं का एकदाचं?"

"दादा, हे पीठ कोण झाडणार?"

"अगं, दोघी एकदम बोललात तर मला कळणार काय, कपाळ..." मामाचा आ तसाच राहिला. "जुळे! दोघांचा नंबर एकच! डबा एकाला पुकारतो आणि दोघं एकदम बोंबलतात, त्याला भलतंच ऐकू येतं!"

नव्या तुकड्याच्या पाठीवर दोन ठिपके होते. ते वितळलेल्या सोल्डरच्या थेंबाने जोडले की नंबर बदलतो. मामाने थेंब टाकला, डब्याला नवा नंबर सांगितला, आणि एकोणतिसाव्या मिनिटाला नळातून वाफ आली.

केस धुऊन आल्यावर मामीने विचारलं, "मग ह्यात माझा नंबर कितवा?"

"तुला कसला नंबर? तू मधला डबा. तू पुकारायचं, आम्ही ओ द्यायची."

मामी गालात हसली. वायरी वाचल्या.

पक्कड मात्र तिने अजून परत केलेली नाही.