श्रावणात सोडलेली गोळी

"हा फेफऱ्याचा आजार नाही. विथड्रॉअल सीझर आहे," डॉक्टर म्हणाले. म्हणजे सवयीचं औषध अचानक तोडल्यामुळे आलेला झटका. मी कॉटवर पडून होतो. जीभ चावली गेली होती, बोलता येत नव्हतं. बायकोच बोलली, "काय तरी चुकतंय डॉक्टर. आमचं माळकरी घर हाय. यांनी दारूला कधी हात लावला नाय."

"दारू नाही, झोपेची गोळी. कधीपासून घेतात?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहत राहिलो.

मार्केट यार्डात माझा कांद्याचा गाळा आहे. माल पहाटे येतो, धायरीहून निघायचं म्हणजे झोप अर्धीच. एका डॉक्टरांनी थोड्या दिवसांसाठी गोळी दिली होती. ती मी वर्षानुवर्षं घेत राहिलो. एकाच्या दोन झाल्या, मग दिवसाही लागायला लागल्या. यार्डात तंबाखूची पुडी फिरते तशी माझी गोळ्यांची पाकिटंही फिरायची. व्यसन म्हणजे दारू, अशी आमची पक्की समजूत.

तरी मनात कुठेतरी खटकत होतं. श्रावण लागला तसं ठरवलं, लोक या महिन्यात दारू-मटण सोडतात, आपण गोळी सोडू. एकदम बंद. घरात कौतुक झालं. मग हात थरथरायला लागले, छाती धडधडायला लागली, कोणी भांडं आपटलं तरी दचकायचो. मला वाटलं, नेम धरलाय, त्रास होणारच. शेवटी एका सकाळी सौदा चालू असताना पोत्यांवर कोसळलो.

"श्रावण पाळलात, चांगलं केलंत. फक्त मेंदूला आधी कळवायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले. पुणेरीच ते. मग नीट समजावलं. मेंदूत गाबा नावाचं रसायन ब्रेकचं काम करतं. गोळी त्या ब्रेकवर पाय दाबून बसते. रोजच कोणी बाहेरून दाबतंय म्हटल्यावर मेंदू स्वतःचा ब्रेक ढिला सोडतो. पाय एकदम काढला की गाडी सुसाट. उपाय टेपरिंग, म्हणजे मात्रा हळूहळू, कित्येक महिने उतरवत नेणं. तुम्हीही अशी गोळी घेत असाल तर मनाने बंद करू नका, आधी डॉक्टरांना गाठा.

पण हे 'हळूहळू' जीव खातं. बसलो की उठावंसं वाटतं, उठलो की बसावंसं. गोळ्या बायकोच्या ताब्यात. ती तुकडा हातावर ठेवते, मी आणखी मागतो. एकदा तर पाकीट हिसकावून घेतलं. ती ओरडली नाही.

"घ्या समदी. पण पुढल्या टायमाला तुमी पडलात म्हणून यार्डातनं फोन आला तर मी उचलणार नाय."

मी पाकीट परत दिलं. आज जिवंत आहे तो तिच्यामुळे.

परवा शेजारच्या गाळ्याचे शेठ आले. माझ्याच पाकिटातून गोळ्या घेणाऱ्यांपैकी एक. "तुमची सुटतेय ना? मग उरलेल्या द्या की. माझ्या संपल्यात, कालपासून हात हलतायत."

त्यांच्या जिवाची भीती वाटली, आणि नुसत्या गोळीच्या नावाने माझंही तोंड कोरडं पडलं. "गोळी नाही. रिक्षात बसा," म्हणालो आणि त्यांना तसंच दवाखान्यात आणलं.

बाकावर आम्ही दोघं शेजारीशेजारी चुळबुळत बसलो. नर्सने दार उघडून विचारलं, "पेशंट कोण?"

दोघंही उठलो.