साखळीतला हात

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — माहीत नाही.

माझ्या केबिनमध्ये भारताची जर्सी काचेत लावलेली आहे. आंबीच्या एका कारखान्याचा मी प्रमुख. पाहुणे आले की आधी जर्सी बघतात, मग यंत्रं. कबड्डीनं मला नोकरी दिली, खुर्ची दिली, आणि मीही 'संघभावना' या विषयावर भरपूर तोंडाची वाफ दवडली. ऐकणारे वहीत उतरवून घेतात. बिचारे.

दत्ता आणि मी सुदुंबऱ्याचे. डाव्या कोपऱ्यात मी, शेजारी तो, हातात हात. आमची एक खूण होती — मी त्याचा तळवा दाबला की दोघांनी एकदम चढाई करणाऱ्यावर झेपावायचं. बोलायचं नाही, एकमेकांकडे बघायचं नाही. इतकी वर्षं खेळलो, ती खूण कधी चुकली नाही.

कार्ल्यातला तो सामना. भारताच्या संघात माझं नाव आलं होतं, शिबिर आठवड्यावर होतं. चढाईला आलेला गडी अंगानं रेड्यासारखा. तो वळला आणि मी — हो, मी दत्ताचा तळवा दाबला. नेहमीसारखाच. दत्ता झेपावला. त्याच क्षणी मला शिबिर आठवलं, माझे गुडघे आठवले. मी हात सोडला.

दत्ता एकटाच गेला. तो गडी त्याच्या पायावर कोसळला. गुडघा मोडल्याचा आवाज तुम्ही कधी ऐकलाय? मी ऐकला, अगदी जवळून.

एवढ्यावर थांबलं असतं तर निव्वळ भित्रेपणा म्हणता आला असता. पण दवाखान्यात त्यानं विचारलं, "तू हात दाबला व्हतास ना रं?" खाटेभोवती सगळा संघ उभा होता. मी म्हणालो, "न्हाई. तूच घाई केलीस."

त्यानं मान हलवली. मी खुणेबद्दल खोटं बोलेन, हे त्याच्या डोक्यातही आलं नसेल.

दत्ता पुन्हा खेळला नाही. आता लंगडत लंगडत गावातल्या मुलींना कबड्डी शिकवतो. गेल्या महिन्यात त्यांच्या बक्षीस समारंभाला मला बोलावलं होतं. मुलींसमोर तो माझ्याकडे बघत म्हणाला, "ह्यांनी हात दाबलाच न्हवता, मलाच भास झाला. लय वर्षं इचार केला — मला तर पक्कं जाणवलं व्हतं. पर पोरींनो, आपल्या अंगावर इस्वास ठेवायचा न्हाई. जोडीदारावर ठेवायचा."

मुलींनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या — शरम वाटत होती, तरी वाजवल्या.

मग मला बोलायला उभं केलं. मी संघभावनेवर बोललो. दत्ता पहिल्या रांगेत, तो पाय लांब करून, मन लावून ऐकत होता.

त्याला बरोबर जाणवलं होतं. मी हात दाबला होता.