नाव न घेता

आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, रडण्यात पटाईत आहेत. कोणाला गाता येतं, कोणाला पोहता येतं. यांना मंडळीसमोर रडता येतं. आधी चष्मा काढतील, मग तो पुसतील, मग बोट डोळ्याशी नेतील, आणि तोवर पहिल्या बाकावरच्या बायकांचे रुमाल बाहेर आलेले असतात. मी दुसऱ्या बाकावर बसते आणि मला जांभया येतात.

पोटापाण्यासाठी ते कवळ्या बनवतात. डॉक्टर लोक रुग्णाच्या तोंडाचा ठसा लॅबमध्ये पाठवतात, त्यात प्लास्टर ओतून जबड्याचा साचा करतात आणि त्या साच्यावर भाऊजी मेणात दात बसवतात. प्लास्टर ओतायचं काम काकांचं. त्यांना सगळेच काका म्हणतात, लॅबचा मालकसुद्धा. काका ओल्या प्लास्टरच्या तळावर सुरीच्या टोकाने रुग्णाचा नंबर कोरतात. पुढे साचा नीट बसावा म्हणून भाऊजी तो तळ चाकावर घासतात, आणि घासताना नंबर जातो. म्हणून आधी तो पेन्सिलीने कडेला उतरवून घ्यायचा असतो. शेंबड्या पोरालाही कळावं असं साधं काम.

भाऊजींनी एकदा गप्पांच्या नादात दोन साचे लागोपाठ घासले, नंबर उतरवायला विसरले आणि मग ते अंदाजाने लिहून टाकले. एका निवृत्त मुख्याध्यापिकेला खाटकाची कवळी गेली आणि खाटकाला बाईंची. बाईंच्या तोंडात ती मावेना. खाटकाच्या तोंडात बाईंचे दात बोलताना खुळखुळायला लागले. दोन्ही डॉक्टरांनी मालकाला फोनवर फाडून खाल्लं.

मालकाने विचारलं तेव्हा भाऊजी शांतपणे म्हणाले, "माझ्याकडे नंबर आले तेच उलटे आले होते."

काकांनी भांडायला हवं होतं. ते स्वतःच्या हातांकडे बघत म्हणाले, "असेल बाबा. हल्ली नजर कमी झालीय माझी."

मालकाने त्यांना घरी बसवलं. बातमी बाकीच्या लॅबमध्येही पोचली, आणि साच्यांची अदलाबदल करणारा माणूस कोण ठेवणार? पण नोकरीपेक्षा वाईट गोष्ट वेगळीच होती. काकांचा स्वतःच्या हातांवरचा विश्वास उडाला. काका आमच्याच गल्लीतले, आमच्याच चर्चचे. चर्चला निघताना घराला कुलूप लावलं, तरी अर्ध्या रस्त्यातून परत जाऊन ते ओढून बघायला लागले. मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, म्हणूनच भाऊजींचं रडणं माझ्या डोक्यात जातं.

खरं काय ते भाऊजींनी घरी सांगितलं होतं. जेवताना, रडत, आणि ताट स्वच्छ करून. ताई म्हणाली, "मालकाला सांगा." हे म्हणाले, "आधी देवाला सांगतो." देवाला सांगण्यात एक सोय असते. देव कामावरून काढत नाही.

आमच्या चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी, प्रभुभोजनाच्या आधी कबुलीची वेळ असते. ज्याला मन मोकळं करायचं त्याने पुढे यावं. नियम एकच, कोणाचं नाव घ्यायचं नाही. चुगल्या होऊ नयेत म्हणून पाळकांनी तो घातलाय. कबुली झाली की मंडळीतलं कोणीतरी उठून त्या माणसाला मिठी मारतं, सगळ्यांच्या वतीने क्षमा केली म्हणून. रीत चांगली आहे. चांगल्या रीतीवर आपली पोळी कशी भाजून घ्यावी, ते मात्र भाऊजींकडून शिकावं.

ते पुढे गेले. चष्मा निघाला. "मी एका भावावर अन्याय केला," ते म्हणाले, आणि हुंदका दिला. कोणता भाऊ, कसला अन्याय, चकार शब्द नाही. आणि शेवटच्या बाकावरून उठलं कोण? काका. सावकाश चालत पुढे गेले, भाऊजींना मिठी मारली, पाठीवरून हात फिरवला.

"रडू नकोस," काका म्हणाले. "तो माणूसही तुला माफ करील."

ताईने माझा हात इतका दाबला की अंगठी रुतली. मला वाटलं, आता तरी या माणसाला लाज वाटेल. घरी आल्यावर भाऊजी खुर्चीत पसरले आणि म्हणाले, "देवाची करणी बघ. त्यांनीच माफ केलं. स्वतःच्या तोंडाने." सुंठीवाचून खोकला गेला होता. महिनाभर ते शीळ घालत कामाला जात होते.

पुढच्या पहिल्या रविवारी ताई उठली. ती मंडळीसमोर कधी बोललेली नव्हती.

"मी कोणाचं नाव घेणार नाही," तिने आधी पाळकांना सांगितलं. मग आमच्याकडे वळली. "काकांनी नंबर बरोबर कोरले होते. माझ्या नवऱ्याने ते घासून घालवले आणि दोष काकांवर ढकलला. मला ठाऊक होतं आणि मी गप्प बसले. हे माझं पाप."

पाळक अडवायला उठले आणि परत खाली बसले. नियम तर कुठेच मोडला नव्हता.

भाऊजींचा हात सवयीने चष्म्याकडे गेला, पण त्यांच्याकडे बघत होतं कोण? काका पुढे आले होते. त्यांनी ताईच्या डोक्यावर हात ठेवला.

"बरोबर होते ना गं?"

"बरोबर होते, काका."

"दोन्ही?"

"दोन्ही."

काकांनी हात खाली घेतला. मग भाऊजींना म्हणाले, "मी तुला माफ केलं ते केलं, ते काही परत घेत नाही. उद्या माझ्याबरोबर मालकाकडे चल."

यावर भाऊजी काय म्हणाले ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. ते म्हणाले, "माफ केलंय ना, काका? मग आता मालकाला कशाला सांगायचं?"

सोमवारी भाऊजींच्या अंगात कणकण होती. ताई आणि काका दोघेच गेले. मालक म्हणाला, "वहिनी, तुमच्या शब्दावर मी माणसं ठेवत-काढत नाही. ज्याने केलं त्याने येऊन सांगू दे." ताई घरी आली तर भाऊजी पलंगाशी गुडघे टेकून बसलेले.

"तुमच्या दोघांसाठीच प्रार्थना करतोय," ते म्हणाले.

ताईने त्यांचे बूट आणून गुडघ्यांसमोर ठेवले. "आमेन म्हणा आणि हे घाला."

गेले बिचारे, बळी द्यायला नेल्यासारखे. ताई सांगते, मालकासमोर त्यांनी सगळं सांगितलं, जमिनीकडे बघत, अडखळत. घाम फुटला होता, आवाज बसला होता. चष्मा जागेवर होता आणि डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता. "तेव्हा मला पटलं," ताई म्हणाली, "की हे खरं बोलतायत."

काका परत प्लास्टर ओततात. भाऊजींना मालकाने तयार कवळ्या घासूनपुसून ठेवायला बसवलंय. परवा आम्ही सगळे चर्चला एकत्र निघालो. काकांनी कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. भाऊजी मान खाली घालून पुढे चालले होते. काकांनी त्यांना माफ केलं, ताईने केलं, देवानेही केलं असेल. या रांगेत मी शेवटची आहे, आणि मला काही घाई नाही.