कॉम्प्युटरसाहेबांचा डोस

रक्त तपासणाऱ्याकडे दोनच गोष्टी साचतात, रिकाम्या बाटल्या आणि किस्से. बाटल्या निदान भंगारवाला तरी नेतो!

धुळ्यात आमच्या साहेबांच्या हार्टच्या दवाखान्यात मी लॅब टेक्निशियन होतो. व्हॉल्व्ह बदललेल्या पेशंटना रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर. कमी पडली तर गुठळी, जास्त झाली तर रक्तस्राव. हा डोस ठरवायला साहेबांनी पुण्याहून कॉम्प्युटर आणला. आधी त्याच्या खोलीला एसी बसला. बाहेर पेशंट धापा टाकत, पण कॉम्प्युटरला घाम फुटता कामा नये!

एकदा भर दुपारी लाइट गेली. साहेब म्हणाले, "नाना, थांबा. लाइट आली की डोस सांगतो."

शिरपूरचे नाना दोन तास बसले. मग म्हणाले, "मन्हं हृदय बिगर लाइटनं चालस, साहेब. तुमनं डोकं चालत नही का?"

डोस दर महिन्याला बदलायचा. एका मास्तरांनी पहिलाच छापील कागद लॅमिनेट करून देवघरात ठेवला आणि वर्षभर फिरकलेच नाहीत. कॉम्प्युटरने लिहिलंय म्हटल्यावर परत कशाला तपासायचं!

थंडीत अचानक सगळ्यांचंच रक्त घट्ट निघायला लागलं. साहेबांनी पुण्याला फोन लावला. तिकडचा इंजिनिअर गंभीरपणे म्हणाला, "व्हायरस असेल." व्हायरस कसला! भरिताचा सीझन होता. भरितात मूठमूठ कांद्याची पात, आणि हिरव्या पाल्याने गोळीचा जोर कमी होतो. हे साहेबांनी मला समजावलं ते शेतातल्या भरीत पार्टीत, दुसऱ्यांदा वाढून घेताना!

पण पिंपळनेरच्या अक्कांच्या वेळी मात्र माझी पाचावर धारण बसली होती.

अक्कांचं रक्त घट्टच निघायचं, म्हणून कॉम्प्युटर महिन्यागणिक डोस वाढवत गेला. आता रिपोर्ट उत्तम, साहेब खूश. एके दिवशी बोलता बोलता कळलं की सोमवारी आणि गुरुवारी अक्का गोळीच घेत नाहीत.

"उपासले गोळी कशी खावानी?"

साहेब भडकले. "अक्का, गोळीने उपास मोडत नाही! रोज घ्यायची म्हणजे रोज!"

अक्कांनी ऐकलं. पंधरा दिवसांनी तोंडाला पदर लावून आल्या. पदर लाल. हिरड्यांतून रक्त थांबेना. पाचच दिवसांच्या गोळ्यांवर रक्त पातळ होईपर्यंत कॉम्प्युटरने जो डोस चढवला होता, तो आता सातही दिवस पोटात जात होता! साहेबांनी घाईघाईने इंजेक्शन भरलं. मी तर मनातल्या मनात देवच पाण्यात ठेवले.

संध्याकाळी रक्त थांबलं. अक्कांनी डोळे उघडले. "मी सांगं व्हतं ना साहेब, उपासले चालत नही! देव कोपना."

तिसऱ्या दिवशी रिपोर्ट ठीक आला, तेव्हा साहेबांनी मला कॉम्प्युटरमध्ये आकडे भरायला लावले. प्रिंटर करकरला. मी आठवड्याचा नवा डोस वाचू लागलो.

"सोमवार, गोळी नाही. मंगळवार, एक. बुधवार, एक. गुरुवार..."

मी थांबलो. साहेबांनी कागद ओढून घेतला. गुरुवार, गोळी नाही!

उपासाचं आम्ही कुणीच कॉम्प्युटरला सांगितलं नव्हतं.

अक्कांनी एसीच्या खोलीच्या दाराकडे बघून हात जोडले. "देखा साहेब, याले समजनं. तुमले कधी समजी?"